जमिनीचं पांघरूण

औषधी वनस्पतींची बाग लावल्यापासून आमच्या घरात औषधं फार वाढली. माझी कंबर धरली, हंसाचा गुडघा सुजला, आणि दोघांच्याही गोळ्या बोईसरच्या दुकानातून यायला लागल्या. बागेत निर्गुंडी होती. निर्गुंडीचा पाला वाटून कंबरेला बांधतात म्हणे. पण वाटायला खाली बसावं लागतं, आणि मी एकदा बसलो की उठवायला माणूस लागतो.

बाग हंसाची, माझ्या बायकोची. माकुणसारला तिच्या माहेराकडून तिच्या वाट्याला आलेली ही जमिनीची पट्टी आणि त्यावर दोन खोल्यांचं घर. मी जन्मभर तारापूरच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होतो. निवृत्त झालो तरी नखांतला निळा रंग बरेच दिवस कामावर येतच राहिला. बोईसरच्या भाड्याच्या खोलीत हंसाला खोकला असायचा, बारा महिने. इथं आलो आणि तो गेला. अडुळशाने गेला असं ती म्हणते, बोईसर सोडल्याने गेला असं मी म्हणतो. खोकला गेला एवढं मात्र खरं, आणि त्यामुळे ही जागा सोडायचं नाव काढलं तरी ती दुसरीकडे बघायची.

नाव काढायचा मेहुल, आमचा मुलगा. विरारला अकराव्या मजल्यावर राहतो, बँकेत आहे. चांगला मुलगा आहे, हीच अडचण. गेल्या पावसाळ्यात मला ताप चढला, मोबाईलला रेंज नव्हती, हंसाने मला नारळांच्या टेम्पोत घालून पालघरला नेलं आणि मेहुलला हे दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून त्याला नीट झोप लागत नाही, असं आमची सून भाविका सांगते.

"आई, तिकडे लिफ्ट आहे. खाली डॉक्टर आहे. तुळस लाव ना बाल्कनीत, कोण नाही म्हणतंय?" तो म्हणायचा.

"तुळस लावीन. बाकीच्यांना काय सांगू? जागा नाही, तुम्ही राहा इथंच?"

अशी काही महिने खेचाखेच झाल्यावर दोघांमध्ये तह झाला. मेहुल मे संपता संपता येणार. तेव्हा बाग हिरवी असेल आणि आम्ही दोघं आपापल्या पायांवर उभे असू, तर तो पुन्हा विरारचं नाव काढणार नाही. यातलं एक जरी चुकलं, तर सामान बांधायचं. माझ्या मते दुसरी अट जास्त अवघड होती. शिवाय, आता लपवत नाही, मला लिफ्ट आवडते. बटण दाबायचं आणि उभं राहायचं. माणसाने आयुष्याच्या शेवटी एवढं तरी मागावं की नाही?

पण हंसाने बाग मनावर घेतली होती. सफाळ्याच्या पुढे कुठेतरी तीन दिवसांचं शिबिर करून आली. शिकवणारा भाग्येश नावाचा तरुण होता. त्याने पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडली होती आणि केस वाढवले होते. या दोन गोष्टी बहुधा बरोबरच होतात. तो एकदा आमची जागा बघायला आला तेव्हा मलाही समोर बसवून त्याने सगळं सांगितलं. या पद्धतीला सिंट्रॉपिक शेती म्हणायचं, आणि घर, पाणी, कोंबड्या, खरकटं या सगळ्यांसकट विचार केला की ते पर्माकल्चर. आपण म्हणे झाडं लांब लांब लावतो ही चूक आहे. झाडांना गर्दी आवडते. जंगलात असतात तशी थरांनी लावायची. सगळ्यात वर ऊन खाणारा थर, त्याखाली मधला, त्याखाली सावलीतला आणि जमिनीलगत पसरणारा.

"समजलं, काका?" त्याने विचारलं.

"समजलं. कारखाना. मॅनेजर वर उन्हात, म्हणजे एसीत, खाली सुपरवायझर, त्याखाली आम्ही, आणि जमिनीलगत कंत्राटी."

"काका, फरक असा, की इथं वरचा खालच्याला जगवतो."

"मग नाही समजलं."

तर आम्ही गर्दी केली. वर शेवगा, पांगारा आणि गिरिपुष्प. मध्ये केळी, पपई आणि एरंड. त्यांच्या आडोशाला अडुळसा, निर्गुंडी आणि शतावरी. गुळवेल चढायला मिळेल त्यावर चढली. खाली आंबेहळद, पिंपळी आणि ब्राह्मी. सातपाटीहून येणाऱ्या कोळणीकडून हंसा माशांची डोकी आणून केळीच्या बुडाशी पुरायची. त्यामुळे केळी जोमात आली, आणि गावातली सगळी मांजरंही.

या पद्धतीचं खरं गुपित म्हणजे छाटणी, आणि ती माझ्याकडे होती. गिरिपुष्प आणि पांगारा वाढवायचे ते तोडण्यासाठीच. फांद्या तोडायच्या, तुकडे करायचे आणि तिथंच जमिनीवर अंथरायचे. जमीन उघडी दिसता कामा नये. भाग्येशच्या भाषेत हे जमिनीचं पांघरूण. ते कुजतं, ओल धरतं, खाली गांडुळं सुखाने नांदतात. मी तोडायचो, हंसा अंथरायची. अंथरून झालं की तोडलेलं पुन्हा वाढलेलं असायचं. कारखान्यात निदान पाळी संपायची.

होळीनंतर देवू आणि त्याची बायको नवसी परत आले. आमच्या कुंपणापलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं खोपट आणि पावसावरची थोडी जमीन. भात झालं की दोघं वीटभट्टीवर जातात आणि उन्हाळ्यात परततात. यंदा परतले ते आमचं काम बघून कुंपणाशीच थांबले. देवू कमी बोलतो. नवसी त्याच्या वाटणीचंही बोलते, आणि जगातल्या सगळ्यांना अरे-तुरे करते.

"काका, येवढा सगळा तू तोडला?"

"मीच."

"या वयात?" तिने कंबरेवर हात ठेवून देवूकडे पाहिलं. "बघ. आन तू भट्टीवरना आला तवापासून झोपलाय."

देवूने खाली बसून आमचं पांघरूण हाताने चाचपलं. फांद्या, त्यावर पाला, त्यावर वाळलेलं गवत. त्याला ते फार आवडलेलं दिसलं. "थर बरा घातलाय," तो म्हणाला. "यावर शेन पायजे. आन वरना थोडी माती. मंग चांगला व्हल."

हंसाच्या चेहऱ्यावर असा आनंद मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. शेणमातीचं भाग्येशही म्हणाला होता! तिने लगेच त्याला फोन लावला. देवू दुसऱ्या दिवशी खरंच टोपल्यांनी शेण घेऊन आला, नवसीने ते फोडून सगळीकडे सारखं पसरलं आणि वरून माती भुरभुरवली. पैसे देऊ केले तर नवसीने हात झटकला. "शेजारी हाव ना आमी?" भाग्येश मोटरसायकलवरून येऊन त्या दोघांचा व्हिडिओ करून गेला. व्हिडिओत तो म्हणतो की हे ज्ञान इथल्या मातीतच होतं, आपण ते विसरलो होतो. मागे देवू मान हलवताना दिसतो.

मग ऊन तापलं. आम्ही अंथरतच होतो. नवसी येता-जाता कुंपणावरून बघायची आणि विचारायची, "काकी, अजून नाय झाला?"

"कुठलं! हे असंच चालू राहणार."

"काका थकलाय बग."

"थकलाय खरा," हंसा म्हणायची आणि पुढची फांदी उचलायची. नवसी जाताना माझ्याकडे फार कळवळ्याने बघायची. या सबंध बागेत माझी दया येणारी ती एकटीच, म्हणून मला ती आवडायची.

मे महिना अर्धा सरला तेव्हा वैतरण्याला हंसाच्या भाच्याचं लग्न निघालं. पाणी घालायचं राहील म्हणून हंसा जायला तयार नव्हती. मी म्हटलं, एक दिवस बाग आपली आपण जगेल, तेवढ्यासाठीच तर एवढं पांघरूण घातलंय. सकाळी गेलो, अक्षता टाकल्या, जेवलो, दुपार कलताना रिक्षाने परत आलो.

धूर लांबूनच दिसत होता. रिक्षावाला म्हणाला, "कोणीतरी राब लावलाय."

राब सगळ्यांनाच ठाऊक आहे. झाडांच्या फांद्या तोडायच्या, जमिनीवर थराने अंथरायच्या, वर पाला, गवत, शेण, माती टाकायची, वाळू द्यायचं आणि पावसाआधी पेटवायचं. जमीन भाजते, तणाचं बी जळतं, आणि त्या राखेत भाताची, नागलीची रोपं करायची. हे मलाही ठाऊक होतं. शाळेच्या वाटेवर दर वर्षी बघितलं होतं. पण आपण स्वतः महिनोनमहिने घाम गाळून राबच रचतोय, हे ना माझ्या लक्षात आलं, ना हंसाच्या, ना व्हिडिओ काढणाऱ्याच्या.

कुंपणाशी रिक्षा थांबली तेव्हा आग बसत आली होती. काम अगदी नीट केलेलं होतं. घराच्या बाजूने पट्टा झाडून मोकळा ठेवला होता, कडेने पाणी शिंपलं होतं. देवू एका टोकाला आणि नवसी दुसऱ्या टोकाला, हातात ओल्या फांद्या, तोंडं काळी आणि खूश.

"काकी!" नवसी ओरडली. "बग, सगळा झाला! वारा बगून लावला. तुझ्या घराला धगबी नाय लागली!"

हंसा रिक्षातून उतरलीच नाही. लग्नातली पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. मधे काळी जमीन होती आणि तीतून केळीची करपलेली खोडं उभी होती. शेवग्याचा पाला आक्रसला होता. अडुळशाच्या जागी काड्या होत्या. जमिनीलगतच्या थराचा पत्ता नव्हता. म्हणजे शेवटी कारखान्यासारखंच झालं.

"काका, तुझी कंबर दुखं," देवू म्हणाला. दुखण्याखुपण्याचं बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होतो. "काकी येकटी. तुमचा काय व्हत नवता. मनला, आपुन लावू."

मी म्हणालो, "चहा घेणार ना?" दोघांनी चहा घेतला. हंसा तोवर आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली होती. नवसीने हळूच विचारलं, "काकीला लग्नात ऊन लागला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नवसी पुन्हा आली. हंसा पायरीवर बसली होती.

"काकी, तुझा बी कुठं हाय?"

"कसलं बी?"

"भाताचा. नाय तर नागलीचा. राब भाजला, आता खनून बी टाकाया पायजे ना, पाऊस यायच्या आधी."

"बी नाहीये, नवसी. मला काही पेरायचं नव्हतं."

"मंग भाजला कशाला?"

"मी भाजला?" हंसाचा आवाज चढला आणि लगेच बसला. "ते भाजण्यासाठी नव्हतं गं. ते तसंच ठेवायचं होतं."

"तसाच? येवढा तोडून तसाच?"

"जमिनीला पांघरूण म्हणून."

नवसीने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग ती अशी हसत सुटली की तिला कुंपण धरावं लागलं. "उनाळ्यात पांघरून! आगो माझे बाय! मे म्हैन्यात जमिनीला थंडी वाजली!"

मलाही हसू आलं. ते मी खोकून टाकलं, कारण हंसा हसत नव्हती.

"आणि मधली ती रोपं दिसली नाहीत तुला?" ती म्हणाली.

"दिसली ना. तन. तन जाळायलाच तर राब."

"ते तण नव्हतं. ब्राह्मी होती. पिंपळी होती. अडुळसा होता माझा."

नवसीचं हसू एकदम थांबलं. ती खाली बसली, राखेत बोटं घालून काहीतरी शोधल्यासारखं करत राहिली. "तू राखलेला व्हता तो?" तिने विचारलं. हंसाने मान हलवली. मग तिने मेहुलचं आणि तहाचं सगळं सांगितलं. बाग हिरवी नसेल तर घर बंद करून विरारला जायचं आहे, तेही. नवसी उठली आणि निघून गेली. तिला न बोलता जाताना मी पहिल्यांदाच बघितलं.

भाग्येशला फोन केला. तो म्हणाला, की निसर्गात आगीलाही स्थान आहे आणि ही नव्या चक्राची सुरुवात मानता येईल. मी म्हटलं, चक्राला सांग, आम्ही थकलो. व्हिडिओ मात्र त्याने काढून टाकला नाही. तो बराच बघितला जातो म्हणे.

ते दिवस कसे गेले हे सांगण्यासारखं नाही. तोडायला काही नव्हतं, अंथरायला काही नव्हतं. दुपारी आम्ही दोघं दोन खाटांवर पडून छताकडे बघत असू. मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. आता विरार नक्की झालं होतं, लिफ्ट नक्की झाली होती. पण हंसा सकाळी उठून सवयीने झारी भरायची, दारापर्यंत न्यायची आणि तिथंच ठेवून परत यायची. ती भरलेली झारी दिवसभर दारात असायची, आणि मला तिला ओलांडून जावं लागायचं. मी हंसाला कधी म्हटलं नाही, की उचल.

मेहुल आणि भाविका रविवारी गाडीने आले. मेहुल उतरला, जमिनीकडे बघितलं, मग आमच्याकडे. जिंकलेल्या माणसासारखा तो मुळीच दिसत नव्हता. गाडी चालवून त्याची पाठ आखडली होती आणि डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"आई, हे काय झालं?"

"जळलं," हंसा म्हणाली. देवू-नवसीचं नाव तिने घेतलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी जांभई दिली.

"म्हणजे आग लागली? तुम्ही दोघं इथं, आणि आग? रात्री लागली असती तर?" तो पायरीवर बसला. "मला करारबिरार काही नको, आई. तू जिंकली असतीस तरी चाललं असतं. पण मला सारखं वाटतं, फोन वाजेल. नाही वाजला तर का नाही वाजला असं वाटतं. किती दिवस असं करायचं?"

तो भांडला असता तर हंसाला काहीतरी सुचलं असतं. तो रडवेला झाला तिथं ती हरली. "बांधते," ती म्हणाली. "भाविका, वरची पेटी काढ गं."

पेटी काढून झाली, तिच्यावरची धूळ झटकून झाली, तेव्हा कुंपणातून नवसी आणि देवू आले. नवसीच्या डोक्यावर टोपली, देवूच्या खांद्यावर कुदळ. नवसीने टोपली उतरवली. वर नागली, खाली पोटलीत भात. पुढच्या पावसासाठी राखून ठेवलेलं त्यांचं स्वतःचं बियाणं.

"तू काकीचा मेहुल?" ती म्हणाली. "राब आमी लावला. काकीनं नाय. आमाला वाटला, म्हातारा-म्हातारीचा होत नाय, आपुन करू. आमचा चुकला."

मेहुलने आईकडे बघितलं. आई पेटीकडे बघत होती.

"ठीक आहे, मावशी," तो म्हणाला. "झालं ते झालं. आम्ही तसंही आज निघतोय."

"निंगताय? राब भाजून?" नवसीला खरोखर धक्का बसला. "आमच्यात भाजलेला राब असा टाकून कोन जात नाय. मानूस मेला तरी दुसरा कोनीतरी पेरतो. बी आमचा, कष्ट आमचा. राखाया फक्त काकी पायजे. पाखरा येतात, कोंबड्या येतात, आमी तर डोंगरावर असू."

मेहुल बँकेत असल्यामुळे त्याला मुदत लागते. "किती दिवस राखायचं?"

नवसीने देवूकडे बघितलं. शेतीतलं उत्तर देवूने द्यायचं असतं.

"पाऊस पडं तवा बी फुटं," देवू म्हणाला. "मंग रोप."

"आणि रोप झालं की आई मोकळी?"

"मंग लावनी. लावनीला जायाचा नाय ना."

"लावणी झाल्यावर?"

"मंग बेननी. गवत काडायचा."

"त्यानंतर?"

"भाद्रवा. भात पोटरीत आला का डुकरा येतात."

"दादा, ते कापणार कधी?"

"कापू ना. दिवाळीला."

"बरं, दिवाळी. दिवाळीनंतर तरी?"

"मंग आमी भट्टीवर जातो," देवू शांतपणे म्हणाला. "मंग आमचा घर कोन बगल? कोंबड्या हायत."

भाविकाला हसू फुटलं आणि ती पेटीमागे वळली. मेहुलने डोळे चोळले. थकलेल्या माणसाशी वाद घालता येतो; देवू थकलेला नव्हता, आणि वादही घालत नव्हता.

"आणि रात्री-अपरात्री काही झालं तर?" मेहुलने विचारलं. हे त्याने हंसाला नाही, नवसीला विचारलं.

"आमी हाय ना. हाक मारायची," नवसी म्हणाली. "गेल्या पावसात नाय मारली. आमाला तवा वलख नवती. आता जाळला तुमचा येवढा, आता वलख झाली."

मेहुल माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही सांगा. तुम्हाला यायचं होतं ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हंसा मात्र बघत नव्हती. ती उठून राखेपाशी गेली होती आणि पाठमोरी उभी होती, मान जरा खाली. मला लिफ्ट हवी होती. अजूनही हवी आहे. पण आठवडाभर तिने भरलेली झारी दारात ठेवली होती, आणि तसं दार ओलांडायची ताकद मला अकराव्या मजल्यावर कुठून मिळाली असती?

"पेटी परत वर ठेवायची असेल तर आत्ताच ठेव," मी मेहुलला म्हणालो. "मला ती चढवता येणार नाही."

त्याने ठेवली. जाताना नवसीचा मोबाईल नंबर घेतला, देवूचा घेतला, आणि भाविकाने दोघांना स्वतःचा दिला. दिवाळीला बोलू, असं तो म्हणाला. नवसी म्हणाली, दिवाळीला ये, पोहे देते.

गाडी गेली तसं देवूने कुदळ घातली. जमीन मऊ झालेली होती, पांघरुणाने की भाजण्याने ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. हंसाने एका बाजूला काटक्या रोवून दोरी बांधायला सुरुवात केली.

"हा काय करते?" नवसीने विचारलं.

"इथं नाही पेरायचं. इथं माझी शतावरी होती. मुळं खाली असतील, फुटेल."

"मधीच? मधी नागली येईल. तुझा कडेला लाव."

"कडेला ऊन लागतं तिला."

"मंग नागलीला काय सावली पायजे?"

"नवसी, जागा माझी आहे."

"आन बी माझा."

ती दोरी थोडी सरकवायची, ही परत सरकवायची. मला बियाण्याची टोपली धरायला दिली होती. ऊन डोक्यावर आलं तरी शतावरीचं ठरत नव्हतं. देवूने कुदळ टेकवली, कपाळ पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बस काका," तो म्हणाला. "याला अजून येल लागल."

मी टोपली मांडीवर घेऊन बसलो.